वाद्याचा नाद आणि विजेची गुणगुण

आपल्या भागांतील मिरज शहर तंतुवाद्यांच्या निर्मितीकरितां साऱ्या देशांत प्रसिद्ध आहे. १८५० च्या सुमारास शिकलगार समाजांतील, म्हणजे हत्यारांस धार व पाणी देणाऱ्या कारागिरांपैकीं, फरीदसाहेब यांनीं तेथें सतारी व तंबोरे करण्यास आरंभ केला. आणि पुढें सतारमेकर हेंच त्या घराण्याचें नांव झालें. पंढरपुराकडील भोपळ्यांपासून तयार होणाऱ्या या वाद्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

मिरजेच्या तंबोऱ्याची तार छेडली असतां भुंग्याच्या गुंजारवासारखा जो भरीव नाद निघतो, त्यास जवारी म्हणतात. तंबोऱ्याची घोडी रुंद असते व तिची पाठ अत्यंत सूक्ष्म उतार देऊन घासलेली असते. तार आणि घोडी यांच्यामध्यें सुताचा एक धागा सरकविलेला असतो. कंप पावणारी तार घोडीच्या पाठीस हळूच स्पर्श करीत राहते, आणि त्यामुळें मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर ऐकूं येऊं लागतात. ही गुंजन करणारी तार बिघडलेली नाहीं. तिचा हा नाद साधावा म्हणून कारागीर घोडी घासतो, तार लावून ऐकतो, आणि पुनः घासतो.

विजेवर चालणाऱ्या जुन्या हवाईयन गिटारांतून मात्र पुष्कळदां अशी एक गुणगुण निघते, जी कोणींहि मागितलेली नसते. उपासनेच्या वेळीं गायक थांबला, सभा शांत झाली, कीं ती अधिकच ऐकूं येते. तिचें मूळ शोधून काढणें हा पदार्थविज्ञानाचा उत्तम पाठ आहे. परंतु तो पाठ घाईनें व अज्ञानानें केल्यास प्राणावर बेतूं शकतो. म्हणून हा लेख विद्यार्थ्यांप्रमाणेंच त्यांच्या पालकांनींहि वाचावा अशी विनंति आहे.

वाद्याची ओळख

हें गिटार मांडीवर आडवें ठेवून वाजवितात. डाव्या हातांत पोलादाची गुळगुळीत कांब धरून ती तारांवरून सरकवितात, आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतात. बोटानें पडदे दाबावयाचे नसल्यामुळें एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड मींड घेतां येते. आपल्या संगीतास हें वाद्य जवळचें वाटलें त्याचें कारण हेंच. ही वादनपद्धति एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ करण्याचें श्रेय हवाई बेटांतील जोसेफ केकुकु यांस दिलें जातें. आपल्या देशांत ब्रिजभूषण काबरा (१९३७-२०१८) यांनीं हवाईयन गिटारावर रागसंगीत वाजवून त्यास मैफलींत मानाचें स्थान मिळवून दिलें, आणि वॅन शिप्ली यांच्या विजेच्या गिटारावरील चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोंचल्या.

विजेचें पहिलें यशस्वी गिटार हें मांडीवरचेंच होतें, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. अमेरिकेंत १९३१ सालीं जॉर्ज बीचम यांनीं त्याकरितां चुंबकीय पिक-अप सिद्ध केला, आणि १९३७ सालीं त्यांस त्याचें पेटंट मिळालें. ॲल्युमिनियमच्या त्या वाद्याचा आकार पाहून लोकांनीं त्याचें नांव 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळण्याचा तवा, असें ठेविलें.

पिक-अपची रचना साधी आहे. एका लोहचुंबकाजवळ अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे घेतलेलें वेटोळें असतें. त्याच्या वर गिटाराची पोलादी तार कंप पावते, तसें चुंबकाचें क्षेत्र किंचित् बदलतें, आणि वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. ॲम्प्लिफायर त्या क्षीण प्रवाहास अनेक पटींनीं वाढवून कर्ण्याकडे पाठवितो. आतां विचार करा. वेटोळ्यास केवळ बदलतें चुंबकीय क्षेत्र समजतें. तें क्षेत्र तारेनें बदललें कीं शेजारच्या विजेच्या यंत्रानें, हें त्यास कळत नाहीं. दोहोंसहि तें सारखाच प्रतिसाद देतें, आणि ॲम्प्लिफायर दोहोंसहि सारखेंच मोठें करतो. गुणगुणीचें पहिलें मूळ हें होय.

गुणगुणीचा स्वर कोठून येतो ?

आपल्या घरांतील वीज एका दिशेनें वाहत नाहीं. ती सेकंदास ५० वेळां पूर्ण पुढें-मागें होते. सातारा जिल्ह्यांत अडविलेल्या कोयनेच्या पाण्यावर १९६२ पासून वीज निर्माण होत आहे. तेथील जनित्रें याच गतीस बांधलेलीं आहेत. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं सोलापूर-रायचूर वाहिनीनें दक्षिणेकडील विजेचें जाळें उर्वरित देशाशीं जोडलें गेलें, तेव्हांपासून साऱ्या भारताची वीज एका तालावर चालते. म्हणून साताऱ्याच्या गिटारांतील गुणगुण आणि कलकत्त्याच्या गिटारांतील गुणगुण यांचा स्वर एकच असतो.

तो स्वर कानानें ओळखतां येतो. पेटीवरील पांढरी पांच या स्वराचें अगदीं खालचें सप्तक घेतल्यास त्याचीं कंपनें सेकंदास सुमारें ४९ होतात, आणि त्याच्या वरच्या सप्तकांत ९८. विजेची गुणगुण या स्वराहून केसभर चढी, म्हणजे ५० किंवा १०० कंपनांची असते. पेटीवर पांढरी पांच धरून ठेवा व गुणगुण ऐका. तिचें खालचें सप्तक आणि वरचें सप्तक यांतील भेद थोड्या सरावानें ध्यानांत येईल. हा भेद पुढें फार उपयोगी पडतो.

५० कंपनांची गुणगुण बहुधा थेट घरगुती विजेच्या क्षेत्रांतून येते. १०० कंपनांची गुणगुण बहुधा ॲम्प्लिफायरच्या पोटांत जन्मते. ॲम्प्लिफायरला एका दिशेनें वाहणारी वीज लागते. म्हणून त्यांतील एक भाग उलट्या अर्धलाटा सुलट करतो, आणि ५० लाटांच्या जागीं सेकंदास १०० उसळ्या निघतात. त्या उसळ्या सपाट करण्याचें काम कंडेन्सर करतात. चार महिन्यांत कोसळणारा पाऊस कोयनेचें धरण सांठवितें आणि वर्षभर बेतानें सोडतें, तसेंच हें आहे. धरण गळूं लागलें, तर उन्हाळ्यांत नदी कोरडी आणि पावसाळ्यांत पूर. कंडेन्सर सुकला, तर वीज सपाट न होतां त्या १०० उसळ्या कर्ण्यांतून ऐकूं येतात. तीस-चाळीस वर्षें झालेले कंडेन्सर सुकलेले असणें हें स्वाभाविकच आहे.

गुणगुण आणि भणभण यांतहि भेद आहे. गुणगुण मऊ व खोल असते. भणभण तीक्ष्ण असते, कारण तिच्यांत मूळ स्वराचे असंख्य उपस्वर मिसळलेले असतात. जवारींत मिसळतात, तसेच. पंख्याची गति कमीजास्त करणारें इलेक्ट्रॉनिक बटण विजेच्या लाटेचा तुकडा कापून टाकतें; त्या कापलेल्या कडेमुळें तीक्ष्ण उपस्वर निपजतात, आणि गिटार भणभणूं लागतें.

आधीं अर्थिंग

कोणतीहि कसोटी घेण्यापूर्वीं पुढील गोष्टींची खात्री झालीच पाहिजे. हीं कामें परवानाधारक वायरमनचीं आहेत. विद्यार्थ्यांनीं तीं स्वतः करूं नयेत.

अमेरिकेहून आलेले जुने ॲम्प्लिफायर सुमारें ११० ते ११७ व्होल्ट विजेसाठीं केलेले असतात. आपल्या घरीं २३० व्होल्ट असतात. मध्यें योग्य शक्तीचा ट्रान्सफॉर्मर नसेल तर यंत्र जळेल. दुसरें असें कीं त्या काळच्या अनेक यंत्रांस दोनच पिनांचा प्लग असे, आणि अर्थिंगची तारच नसे. विजेच्या तारेपासून लोखंडी सांगाड्यापर्यंत एक कंडेन्सर जोडलेला असे. तो फुटला, तर सांगाडाच जिवंत होतो. कांहीं स्वस्त यंत्रांत तर ट्रान्सफॉर्मरच नसे, आणि सांगाडा सरळ विजेच्या वाहिनीशीं जोडलेला असे. अशीं यंत्रें तज्ज्ञाकडून सुरक्षित करून घेतल्यावांचून प्लगांत घालूंच नयेत.

या वाद्यांत धोका अधिक कां, तें पाहा. गिटाराच्या तारा दोरखंडांतून, म्हणजे जोडतारेंतून, ॲम्प्लिफायरच्या सांगाड्याशीं जोडलेल्या असतात. वादकाच्या एका हातांत धातूची कांब, दुसऱ्या हाताच्या बोटांत धातूच्या नख्या, आणि दोन्ही तारांवर. अशा वेळीं सांगाडा जिवंत असेल व वादकानें गाण्यासाठीं दुसऱ्या यंत्रास जोडलेल्या मायक्रोफोनला ओठ लाविले, तर प्रवाह छातींतून जातो. तारांना स्पर्श करतांना मुंग्या आल्यासारखें वाटलें, तर तेथेंच थांबावें, भिंतीवरील बटण बंद करावें व प्लग काढावा.

तीन पिनांचा प्लग, भिंतींत खरोखर चालू असलेलें अर्थिंग, आणि ३० मिलिॲम्पियरचा आर.सी.सी.बी. या तीन गोष्टी असतील तरच पुढें जावें. तसेंच ॲम्प्लिफायर उघडण्याचा मोह कोणींहि धरूं नये. व्हॉल्व्हच्या यंत्रांत अडीचशें ते चारशें व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यानंतरहि कंडेन्सर कांहीं काळ ती वीज धरून ठेवितात.

कसोट्या

आतां दोषाचा शोध घ्यावयाचा. नियम एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि ऐकावें. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुणगुण थांबली तरी ती कशामुळें थांबली हें कळत नाहीं.

पहिली कसोटी. ॲम्प्लिफायर बंद ठेवून, कान वाद्याजवळ नेऊन तार छेडा. वीज नसतांनाहि भणभण ऐकूं आली, तर दोष विजेचा नव्हे. घोडीची किंवा मेरूची झिजलेली खांच, सैल स्क्रू, पिक-अपवरील सैल झांकण, अथवा तारांवर नीट न टेकलेली कांब, यांपैकीं कांहींतरी खडखडत आहे. या वाद्याच्या तारा पाटीपासून उंच असतात, त्यामुळें त्या पाटीस लागून भणभणत नाहींत. संशयित भागावर बोट दाबून धरावें. आवाज थांबला कीं जागा सांपडली.

दुसरी कसोटी. आतां ॲम्प्लिफायर चालू करा, मात्र त्यांतून गिटाराची जोडतार पूर्ण काढून घ्या. गुणगुण तशीच राहिली तर दोष ॲम्प्लिफायरांत आहे, आणि विद्यार्थ्याचें काम येथें संपलें. तिचा स्वर ५० चा कीं १०० चा, तेवढें कागदावर लिहून यंत्र तज्ज्ञाकडे न्यावें. १०० चा स्वर ऐकून तो प्रथम कंडेन्सर तपासील. ५० चा असल्यास व्हॉल्व्ह व त्यांस तापविणाऱ्या तारा पाहील. जोडतार काढतांच शांतता झाली, तर दोष तार, गिटार किंवा खोली यांत आहे.

तिसरी कसोटी. खात्रीची दुसरी जोडतार लावून पाहा. जुन्या तारेच्या टोंकाशीं डाख सुटलेला असतो, किंवा बाहेरील संरक्षक जाळी तुटलेली असते. तार हलवितांना कडकड झाली, तर दोषी तीच. आपल्याकडील पावसाळ्याच्या दमट हवेंत गिटारावरील जॅकच्या पितळी पातीवरहि मळ व गंज चढतो. तो पुसून काढावा.

चौथी कसोटी. गिटारावरील आवाजाचें बटण शून्यावर आणा. गुणगुण गेली, तर ती पिक-अपमार्गें येत आहे. राहिली, तर बटणाच्या पुढील भागांत, म्हणजे जॅक व जोडतार यांत, पुनः पाहावें.

पांचवी कसोटी. गिटार मांडीवर घेऊन फिरत्या स्टुलावर बसा आणि सावकाश पूर्ण एक फेरी घ्या. गुणगुण कांहीं दिशांस वाढते व एका विशिष्ट दिशेस जवळजवळ नाहींशी होते, असें आढळलें, तर ती खोलींतील चुंबकीय क्षेत्रांतून येत आहे. ट्यूबलाइटचा चोक, ॲम्प्लिफायरचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, भिंतीमागील मोटर, मोबाइलचा चार्जर, हे नेहमींचे संशयित होत. एकेक बंद करून पाहावें. ॲम्प्लिफायरपासून सात-आठ फूट दूर बसल्यानें व योग्य दिशा धरल्यानें पुष्कळ काम विनामूल्य होतें. अमेरिकन अभियंते सेथ लव्हर यांनीं १९५५ सालीं दोन वेटोळ्यांचा पिक-अप तयार केला. त्यांतील चुंबकांच्या बाजू व तारेचे वेढे परस्परविरुद्ध ठेविल्यानें तारेचा नाद एकमेकांत मिळतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकांस खोडून काढते. तथापि जुन्या वाद्याचा मूळ पिक-अप काढून नवा बसविला, तर त्याचा जुना आवाज जातो. म्हणून आधीं दिशा बदलून पाहणें शहाणपणाचें.

सहावी कसोटी. अर्थिंगची खात्री असेल तरच ही घ्यावी. हात तारांवरून उचला व ऐका. मग तारांवर ठेवा व ऐका. माणसाचें शरीर एरियलप्रमाणें खोलींतील विद्युत्क्षेत्र टिपतें व तें पिक-अपपर्यंत पोहोंचवितें. तारा जमिनीशीं नीट जोडलेल्या असतील, तर स्पर्श होतांच शरीरहि शांत होतें आणि भणभण कमी होते. थोडी कमी होणें स्वाभाविक आहे. भणभण फार मोठी असून स्पर्शानें एकदम थांबत असेल, तर आंतील संरक्षक वेष्टन अपुरें आहे. बटणांच्या खोबणींत तांब्याचा पातळ पत्रा लावून तो अर्थच्या बाजूस जोडल्यानें गुण येतो. स्पर्शानें कांहींच फरक पडत नसेल, तर घोडीपासून जॅकपर्यंत जाणारी बारीक तार तुटली असण्याचा संभव आहे. जोडतार काढून मल्टिमीटरनें घोडी व जॅकची बाहेरील बाजू यांमधील रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य असावा. स्पर्शानें आवाज वाढत असेल, तर कोणीं तरी दोन तारा उलट्या जोडल्या आहेत.

एक जीवघेणी युक्ति

कधीं कधीं गिटार एकटें असतां शांत असतें. परंतु त्याचा ॲम्प्लिफायर सभागृहाच्या ध्वनिक्षेपकास जोडला कीं गुणगुणूं लागतें. दोन यंत्रें भिंतींतील दोन वेगळ्या सॉकेटांवर असतात. दोघांचीं अर्थिंगें वेगवेगळ्या वाटांनीं जमिनीस जातात, आणि जोडतारेनें तीं एकमेकांस मिळून एक मोठें वलय तयार होतें. त्या वलयांतून फिरणारा क्षीण प्रवाह गुणगुण होऊन ऐकूं येतो.

अशा वेळीं एक 'उपाय' पुष्कळ ठिकाणीं सांगितला जातो: प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकावी, किंवा तिची तार कापावी. गुणगुण तत्काळ थांबते, आणि सांगणाऱ्याची वाहवा होते. पण थांबलें काय, याचा विचार करा. वलय तुटलें, आणि त्याबरोबरच बिघाडाच्या वेळीं विजेला जमिनींत नेणारी वाटहि तुटली. उद्यां आंतील एखादी तार सांगाड्यास टेकली, तर वीज जमिनीकडे जाण्यास दुसरी वाट शोधील, आणि ती वाट म्हणजे मांडीवर गिटार घेऊन बसलेला मुलगा होय. वाद्य तेव्हां मुळींच गुणगुणणार नाहीं. तें पूर्वीसारखेंच शांत असेल.

योग्य उपाय असा: दोन्ही यंत्रें एकाच सॉकेटपट्टीवर लावावीं, म्हणजे वलय लहान होतें. तरीहि आवाज राहिला, तर दोहोंमधील ध्वनीच्या तारेंत विलग करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवावा. ध्वनीची वाट तोडून जोडली तर चालते. अर्थिंगची वाट कधींहि तोडूं नये. पालकांस विनंति अशी कीं घरांतील किंवा मंडळीच्या उपासनामंदिरांतील एखाद्या यंत्राच्या प्लगाची जाड पिन तुटलेली दिसली, तर तें यंत्र त्याच दिवशीं बाजूस ठेवावें व वायरमनला बोलवावें.

उपसंहार

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालविण्यापूर्वीं तार छेडून ऐकतो. नाद कोठून येतो व कोठें अडतो, हें कळल्याशिवाय तो हात घालीत नाहीं. विजेच्या वाद्याजवळहि आपण तीच शिस्त पाळावी. गुणगुण हा निरोप आहे. ५० चा कीं १०० चा, फिरण्यानें बदलणारा कीं स्पर्शानें थांबणारा, यावरून तो कोणाचा हें समजतें. निरोप्याचें तोंड बांधल्यानें घरचें संकट टळत नाहीं, तें फक्त कळेनासें होतें. निरोप ऐकून घेऊन मूळ दोष दूर केला, तर वाद्य आपोआप शांत होतें. आणि मग त्या शांततेंत तारेचा जो नाद उठतो, तो परमेश्वराच्या स्तवनास अर्पण करण्याजोगा असतो.

अभ्यासार्थ : (१) घरांतील बाजाच्या पेटीवर पांढरी पांच धरून, शीतकपाट किंवा ट्यूबलाइटचा चोक यांच्या गुणगुणीशीं ती ताडून पाहा, गुणगुण किंचित् चढी कां, तें गणितानें सिद्ध करा. (२) वरील सहा कसोट्या व त्यांवरून निघणारीं अनुमानें यांचें कोष्टक करा. (३) घरांतील सर्व प्लग पालकांसमवेत पाहून, तीन पिनांचे किती व त्यांपैकीं जाड पिन शाबूत असलेले किती, याची नोंद करा. पाहण्यापूर्वीं भिंतीवरील बटण बंद करण्यास विसरूं नका.